वाचक विचारतात: उत्तरेकडचा उजेड आणि आपला कॅमेरा

प्रश्न: ताई, फेब्रुवारीच्या सुरवातीला कामासाठी ओस्लोला जातोय, पुढे सुट्टी टाकून नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर पाच-सहा दिवस काढायचेत. आत्तापर्यंत फक्त हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग शूट केलंय. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरवाली) बॉडी आणि सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आहे. नवीन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरवाली) बॉडी घेऊ का? आणि अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात नाचणारा तो हिरवा उजेड, दिसलाच नाही तर सगळं फुकट जाईल अशी धाकधूक आहे. (एक वाचक, हर्णै)

उत्तर: नवीन बॉडी अजिबात घेऊ नका. फारच वाटलं तर मुंबई-पुण्यात एखादी एफ २ किंवा २.८ ची (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो) वाइड लेन्स भाड्याने मिळते ती न्या, आणि ट्रायपॉड मात्र दणकट हवा कारण तिकडे वारा सोडत नाही.

आता उजेडाचं बघा, कारण खरा फरक तिथे आहे. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास, म्हणून आपल्याला धावपळीची सवय लागलेली असते, किल्ल्याचा एक, होड्यांचा एक, लाटेचा एक आणि झालं. लोफोतेन ६८ अंश उत्तरेला आहे. तिथे तुम्ही जाताय त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पाच ते आठ अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरलीत तर मुठीच्या आतच, आणि तो तिरका तिरका उतरत जातो त्यामुळे मावळल्यावरही तासाभराहून जास्त वेळ आकाशात गुलाबी-निळा रंग टिकतो. ढग नसले तर अख्खा दिवसच आपल्या संध्याकाळसारखा. तेव्हा रोज पाच स्पॉट पळत करू नका, एका खाडीपाशी थांबा, दोन-तीन तास तिथेच घालवा, डोंगरावरचा उजेड कसा सरकतो ते बघत बघत शूट करा. मला विचाराल तर तिकडे जाऊन करायचं हेच मुख्य काम आहे, बाकी सगळं त्याच्या मागून.

लोफोतेनमधल्या हाम्नॉय गावाची लाल घरं आणि मागे सुळका हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल, तो सगळे जण एकाच पुलावरून काढतात. तुम्हीही काढा, पण मग खाली बंदरात उतरा. जानेवारी ते एप्रिल तिथे कॉडचा हंगाम असतो, बॅरेंट्स समुद्रातून मासा अंडी घालायला येतो, आणि साफ केलेले मासे शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही काही नाही, शून्याच्या आसपासची थंडी आणि वारा यांच्यावरच सुकतात, नंतर मासा बराचसा इटलीला जातो आणि डोकी नायजेरियाला. बोंबील वाळताना बघत मोठं झालेल्या माणसाला त्या मांडवात जे दिसेल ते दुसऱ्या टूरिस्टला दिसणार नाही, मला हे अगदी मनापासून वाटतं. काम करणाऱ्यांचा फोटो काढायच्या आधी विचारा मात्र.

बर्फाचा फोटो ऑटोवर राखाडी येतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला मधला टोन समजून उजेड कमी करतो, त्यामुळे एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप प्लसमध्ये ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

अरोराचं म्हणाल तर तो ढगांवर अवलंबून, आपल्या हातात नाही. दिसला तर १८ एमएमवर एफ ३.५, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, शटर आठ-दहा सेकंद उघडं, इथून सुरू करा, पट्टे जोरात नाचायला लागले तर आयएसओ वाढवून तीन-चार सेकंदांवर या नाहीतर नुसता हिरवा चिखल येतो. फोकस मॅन्युअलवर, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तारा मोठा करून लावायचा आणि रिंगला टेप मारून टाकायची. अंधारात स्क्रीन खूप उजळ दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघा. आणि चंद्र आहे म्हणून नाराज होऊ नका, अर्ध्या चंद्राने बर्फाचे डोंगर छान उजळतात, नाहीतर खाली सगळं काळं.

प्रश्न: मालवणात एसी रूममधून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते. आम्ही मार्चमध्ये आइसलँडला जातोय, तिकडेही असंच होतं का? (मालवणहून एक वाचक)

उत्तर: होतं, पण उलट बाजूने. तिकडे बाहेरून गार पडलेला कॅमेरा हीटरवाल्या खोलीत आणला की खोलीतली वाफ त्याच्यावर बसते. म्हणून दाराबाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, आणि आत तासभर तरी उघडू नका, वाफ पिशवीवर बसेल. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, थंडीत त्या पटकन झोपतात. खाऱ्या तुषारांचं तुम्हाला काय सांगायचं, रोज गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसणं आलंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रेनिसफ्यारा या काळ्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका. बराच वेळ शांत असतं आणि मग एकच लाट एकदम खूप वर येते, तिथे माणसं जीवानिशी गेली आहेत. समुद्राकाठचे आहोत म्हणून आपल्याला लाट कळते असं तिथे धरून चालू नका.

प्रश्न: आईबाबांना घेऊन जुलैत स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या पार उत्तरेकडची बेटं) क्रूझला जातेय. ध्रुवीय अस्वलासाठी ३०० एमएम पुरेल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: २०२५ पासून तिथे नियम कडक झालाय, अस्वलापासून कमीत कमी ३०० मीटर लांब राहावं लागतं आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. हिशोब करा, क्रॉप बॉडीवर ३०० एमएम लावून ३०० मीटरवरून बघितलं तर फ्रेममध्ये साधारण २३-२४ मीटर रुंदी मावते, त्यात दोन-सव्वादोन मीटरचं अस्वल म्हणजे फ्रेमचा दहावा भाग. माझं मत असं की हा दहावा भागच चांगला. नुसतं तोंड भरून काढलेलं अस्वल कुठल्याही झूमधलं वाटू शकतं, पण केवढ्या मोठ्या बर्फात ते एकटं चाललंय हे लांबूनच दिसतं. त्यामुळे ६०० एमएमच्या मागे लागू नका, आणि बोटवाल्याला अजून जवळ घ्या म्हणून गळ घालू नका. रात्री बारालाही सूर्य वर असतो, तेव्हाचा उजेड दुपारपेक्षा मऊ मिळतो, आईबाबा झोपले की डेकवर जा.

व्हिसाचं आत्ताच बघा. स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही पण जायचं नॉर्वेवरूनच, म्हणजे परत येताना पुन्हा एंट्री लागते, तेव्हा अर्जात डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागा.