नागपुरात क्लाउडवरचा एखादा मोठा गेम आठवड्याच्या भाड्याने मिळतो का, की महिन्याचा प्लॅनच घ्यावा लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मनीष नगरात खोली करून राहता, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, लॅपटॉप साधा आहे पण ब्रॉडबँड बरं आहे. वीस-पंचवीस तासांत संपणारा एखादा मोठा गेम खेळायचाय, त्यासाठी चार-पाच हजार मोजायचे नाहीत. मग क्लाउडवरचा, म्हणजे कंपनीच्या मशीनवर चालून इंटरनेटवरून आपल्या स्क्रीनवर दिसणारा, तो एकच गेम आठ दिवस भाड्याने घेता येईल का?

नाही. मी आजवर वापरलेल्या किंवा पाहिलेल्या कुठल्याच सेवेत आता एकेका गेमचं भाडं भरायची सोय नाही. महिन्याचा प्लॅन हेच भाडं समजायचं आणि तो भाड्यासारखाच वापरायचा. घेतला, गेम संपवला, बंद केला.

पूर्वी मात्र हे मिळायचं. ऑनलाइव्ह नावाची सेवा 2010 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिथं गेम 3 किंवा 5 दिवसांसाठी घेता यायचा. सोनीने 2014 मध्ये प्लेस्टेशन नाऊ या आपल्या क्लाउड सेवेची चाचणी सुरू केली तेव्हा 4 तास, 7 दिवस, 30 दिवस आणि 90 दिवस असे दर लावले होते. आता 4 तासांत काय होतं सांगा! पहिला तास तर बटणं शिकण्यातच जातो. आणि 90 दिवसांचं भाडं काही गेमच्या बाबतीत दुकानातल्या जुन्या डिस्कपेक्षा जास्त पडत होतं. लोकांनी शिव्या घातल्या, जानेवारी 2015 मध्ये सोनीने महिन्याची वर्गणी आणली आणि सुटं भाडं हळूहळू मागे पडलं.

माझ्या पिढीने डिस्कचं भाडं भरलंय. सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे आपल्या बर्डीत, एका गल्लीत दुकान होतं, 500 रुपये डिपॉझिट आणि दिवसाला 40 रुपये. शनिवारी संध्याकाळी डिस्क आणायची, सोमवारी सकाळी कॉलेजला जाता जाता परत द्यायची. दुकानदार ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरून ओरखडे मोजायचा. म्हणून आम्ही पोट्टे रविवारी रात्रीच टूथपेस्ट लावून, मलमलच्या फडक्याने आतून बाहेर असं पुसून ठेवायचो. तो धंदा चालायचा, कारण डिस्क एकदा विकत घेतली की पन्नास जणांना फिरवता येते.

क्लाउडचं गणित वेगळं आहे. सिनेमाची फाइल एकदा तयार झाली की हजारो जणांना पाठवता येते. गेममध्ये प्रत्येक चित्र तुमच्या बटणावर ठरतं, त्यामुळे तुम्ही खेळता तितका वेळ तिकडच्या ग्राफिक्स कार्डचा एक वाटा तुमच्यासाठीच अडकून राहतो. कंपनीला खर्च पडतो तो तासाचा. म्हणूनच एनव्हिडियाच्या जिफोर्स नाऊ या क्लाउड सेवेवर फुकटवाल्यांना रांग लागते, एका बैठकीला तासाभराची मर्यादा असते आणि पैसे भरणाऱ्यांवरही महिन्याला 100 तासांची अट आली. शिवाय तिथं भाडं फक्त मशीनचं. गेम तुमचा स्वतःचा, स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला लागतो. बरेच जण इथंच फसतात. प्लॅन घेतात आणि मग विचारतात, गेम कुठाय बाप्पा?

आता दर. गेम आणि मशीन दोन्ही भाड्याने हवं असेल तर आपल्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स गेम पास. त्याचं क्लाउड भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये आलं. त्याच्या महिनाभर आधीच दरवाढ झाली होती, सगळ्यात वरचा अल्टिमेट प्लॅन महिन्याला 829 वरून थेट 1,389 रुपये. त्याखालचे प्लॅन तेव्हा प्रीमियम 699 आणि एसेन्शियल 499 असे होते. क्लाउड तिन्हींत आहे. फरक मुख्यतः गेमच्या यादीचा आणि नवा गेम पहिल्या दिवशी मिळण्याचा. तुम्हाला हवा तो गेम वर्ष-दोन वर्षं जुना असेल तर आधी खालच्या दोन प्लॅनच्या यादीत शोधा. अल्टिमेटची गरज बहुतेकांना नसते, हौस असते. दर बदलत राहतात, भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा पाहूनच घ्या.

मोबाइलवर चालणार असेल तर जिओने 2025 मध्ये छोटे गेमिंग प्लॅन काढले, 48 रुपयांत 3 दिवस आणि 98 रुपयांत 7 दिवस. तुम्ही म्हणता त्या भाड्याच्या सगळ्यात जवळचं हेच, फक्त इथंही एक गेम नाही, सगळी यादी मिळते. व्हीआयची क्लाउड प्ले सेवा मार्च 2024 मध्ये महिन्याला 100 रुपयांच्या आसपास सुरू झाली, पण ते मोबाइलचेच गेम. प्लेस्टेशनवर भारतात डिलक्स प्लॅन मिळतो, त्यात स्ट्रीमिंग नाही. नाव भारी आहे म्हणून घेऊ नका.

महाग की स्वस्त, ते तासावर ठरवा. 699 रुपयांत 25 तासांचा गेम संपवला तर तासाला 28 रुपये पडले. पीएस 5ची नवी डिस्क 4,999ला घेऊन नंतर अडीच हजारांत विकली, तर तोच गेम तासाला 100 रुपयांना पडतो. पण परीक्षेच्या महिन्यात प्लॅन चालू ठेवून जेमतेम 6 तास खेळलात, तर त्याच 699चे तासाला 116 होतात. त्यामुळे प्लॅन सेमिस्टर संपल्यावर घ्या आणि एकच महिना घ्या. तीन महिन्यांच्या सवलतीकडे बघूसुद्धा नका.

नागपूरचं म्हणाल तर, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा विभाग आहे आणि तो आहे पुण्यात! देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो झिरो माइलचा दगड इथं, सेंट्रल इंडिया तिथं; आता काय बोलावं. असो. अंतराचा त्रास वाटतो तितका नाही. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो, म्हणजे आठशे किलोमीटरवर जाऊन यायला 8 मिलिसेकंद. उरलेला उशीर बहुतेक आपल्याच घरात होतो. माझ्याकडे राउटर हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत, मध्ये जुन्या घराची जाड भिंत. वायफायवर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, 60 मिलिसेकंदांच्या वर उड्या मारायचा. फुटबॉलमध्ये पास द्यायचो तोवर समोरचा बॉल घेऊन गेलेला. कूलरच्या वायरीसोबत वीस मीटरची लॅन केबल ओढली, पिंग 25वर येऊन बसला. तुम्ही प्लॅनआधी केबल घ्या. गोष्टीचे, सावकाश चालणारे गेम वायफायवरही निभतात. मारामारीचे आणि नेमबाजीचे नाही.

डेटाही जातो. 15 एमबीपीएसवर तासाला पावणेसात जीबी. घरच्या फायबरला महिन्याला 3,300 जीबी मिळत असतील तर काळजी नाही. मोबाइलच्या रोजच्या 2 जीबीत मात्र अठरा मिनिटांच्या आत कारभार आटोपतो. राउटरला छोटा यूपीएस लावा. मे महिन्यात लाइन गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि गेम मरतो.

माझी एक चूक सांगतो. एका सेवेवर 40 तासांचा गेम धरला होता, 31 तास झाले होते. यादीत त्याच्या चित्रावर कोपऱ्यात ‘लवकरच जाणार’ अशी पट्टी लागली होती, ती मी पाहिलीच नाही. पंधरा तारखेला गेम गायब. सेव्ह केलेलं सगळं शिल्लक, खेळायला गेमच नाही. पुढच्या महिन्याचे पैसेही कापले गेले, कारण ऑटोपे चालू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो, मलाही आला होता, पण मी तो ओटीपी-जाहिरातींच्या ढिगात वाचलाच नाही. आता मी प्लॅन घेतला की पाच मिनिटांत यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करतो. भरलेला महिना सहसा पूर्ण वापरता येतो, तरी त्या सेवेची अट एकदा वाचून घ्या.

आणि फक्त क्लाउडवरच चालणारा गेम ‘कायमचा विकत’ घेऊ नका. ऑनलाइव्ह 30 एप्रिल 2015ला बंद झालं तेव्हा त्यावर घेतलेले गेमही गेले. गुगलची अशीच सेवा, स्टेडिया, 18 जानेवारी 2023ला बंद पडली, तेव्हा गुगलने गेमचे पैसे परत केले, पण प्रत्येक कंपनीकडे गुगलइतका पैसा नसतो.

तुमचा गेम कोणता आणि लॅपटॉपला लॅनचं भोक आहे का, ते कमेंटमध्ये लिहा. नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर लागेल, बर्डीत सहज मिळतो.