भारतीय सैन्यात अमेरिकेच्या सीआयडीसारखा गुन्हे तपास अधिकारी होता येतं का? करिअर कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी सेकंड इयरला आहात, अमेरिकन आर्मीच्या सीआयडीवरची, म्हणजे फौजेतल्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या खात्यावरची, कुठली तरी सिरीज बघितली आणि आता आपल्या फौजेत तेच काम करायचंय. सरळ सांगतो, सिरीजमध्ये दिसतं तसं काम आपल्याकडं नाही. आपल्याकडं आहे ती कोअर ऑफ मिलिटरी पोलीस, म्हणजे सीएमपी, लाल टोपी आणि पांढरा पट्टा. मी त्यातूनच नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो, त्यातली नऊ वर्षं तपासाच्या कामावर होतो. एरवी मी इथं फक्त वाचतो, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही, कारण ह्याच विषयावरून आमच्या घरात वीस वर्षं भांडण चालू आहे.

भांडण मेव्हण्याशी. तो सिव्हिल पोलिसात. गणपतीत सगळे जेवायला बसले की त्याचं ठरलेलं, "दाजी, तुम्ही ट्रॅफिकवाले. तुमच्याकडं ना एफआयआर, ना चार्जशीट, ना कोर्टात उलटतपासणी. तुम्ही कसला तपास करता?" आणि सगळी पंगत हसते, माझी बायको पण.

तर ऐका. २००७ चा पावसाळा, पूर्वेकडची एक डोंगरातली छावणी, मी तेव्हा हवालदार. एका युनिटमधून निनावी चिठ्ठी आली की एमटीचं, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या विभागाचं, डिझेल बाहेर विकलं जातंय. आमच्या साहेबांनी मला आणि एका नायकाला पाठवलं. मी जाऊन बाकी काही विचारलं नाही, सहा गाड्यांच्या कार डायऱ्या, म्हणजे गाडी रोज किती पळाली त्याच्या नोंदवह्या, मागितल्या. आता ज्यांनी फौजेत गाडी चालवलीय त्यांना माहितीय, कार डायरी म्हणजे काय अवस्थेत असते. ग्रीसचे अंगठे, चहाचा गोल डाग, पावसात भिजून फुगलेली पानं, एक नोंद निळ्या पेनानं तर दुसरी काळ्या, मधेच रिफिल संपली म्हणून नुसतं ओरखडून लिहिलेलं. पाच डायऱ्या अशाच होत्या. सहावी कोरी करकरीत. जुलैचा अख्खा महिना एकाच पेनानं, एकाच दाबानं, ओळीत लिहिलेला, आणि त्या जुलैत तिकडं आमचे मोजे वाळत नव्हते! नायक म्हणतो, "ड्रायव्हर व्यवस्थित आहे." मी म्हणलं, बाबा, व्यवस्थित ड्रायव्हर गाडी पुसतो, डायरी नाही.

मग वर्कशॉपला गेलो आणि त्याच गाडीचं जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीची नोंद, काढलं. डायरीत एका दिवशी गाडी १४० किलोमीटर पळालेली, आणि जॉब कार्डवर त्या दिवशी त्या गाडीचं इंजिन खाली उतरवून ठेवलेलं. असे चार दिवस सापडले. चारही दिवसांचं डिझेल इश्यू रजिस्टरला व्यवस्थित चढलेलं. ह्याला तपास नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

ड्रायव्हर बावीस वर्षांचं पोरगं, माणदेशातलं. मराठीत बोलायला लागल्यावर दहा मिनिटांत रडायला लागलं, "मला जिथं सांगितलं तिथं मी लिहिलं, हवालदार साहेब." कुणी सांगितलं तेही बोललं. ते नाव होतं एका अधिकाऱ्याचं. आणि इथं आमचं तोंड बंद होतं. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १०७ बघा, प्रोव्होस्टला, म्हणजे मिलिटरी पोलिसांच्या अधिकाऱ्याला, दुसऱ्याला अटक करायचा अधिकार आहे, पण अधिकाऱ्याला हात लावायचा तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. आणि अटक केली तरी स्वतःच्या अधिकारात शिक्षा कुणालाच देता येत नाही. (हे बरोबरच आहे म्हणा, नाहीतर आमच्यातल्या काहींनी काय गोंधळ घातला असता ते मला माहितीय.)

अकरा पानांचा रिपोर्ट लिहिला. तो आमच्या साहेबांकडून वर गेला, वरून फिरून त्याच युनिटच्या सीओंकडं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरकडं, खाली आला, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी, बसली. तीन अधिकारी, तिघेही सज्जन, पण खोटी कार डायरी तिघांनी कधी बघितली नव्हती. मी साक्षीदार नंबर सात, वीस मिनिटांत मोकळा. आता आर्मी रूल १८० असा आहे की चौकशीत ज्याच्या चारित्र्यावर येतं त्याला पूर्ण वेळ हजर राहायचा आणि साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क. नियम म्हणून योग्यच आहे. पण ते पोरगं जबाब द्यायला उभं राहिलं आणि समोर खुर्चीत ते साहेब. काय होणार? म्हणलं, मीच लिहिलं, मला कुणी सांगितलं नाही. त्याला २८ दिवस कोठडी आणि रेड इंक एन्ट्री (रेकॉर्डला लाल शाईचा डाग), एमटीच्या हवालदाराला ताकीद, त्या साहेबांची नुसती बदली. माझा रिपोर्ट फाईलला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. सिरीजमधल्या सीआयडीवाल्याचा खरा रुबाब साध्या कपड्यांचा किंवा पिस्तुलाचा नाही. तो ज्या छावणीत तपास करतो तिथला कमांडर त्याचा साहेब नसतो, हा आहे. अमेरिकन जनरल पर्शिंगनं १९१८ साली फ्रान्समध्ये हे काम मिलिटरी पोलिसांच्या नेहमीच्या कामापासून वेगळं काढलं, आणि पुढं त्यांच्यात वॉरंट ऑफिसर (जवान आणि कमिशन्ड अधिकारी यांच्यामधला हुद्दा) म्हणून माणूस आयुष्यभर फक्त तपासच करत वर चढतो. आमच्याकडं तपासातला माणूस तीन वर्षांत कॉन्व्हॉयवर नाहीतर गेटवर. हात बसेपर्यंत पोस्टिंग. अर्थात तिकडं पण सगळं सोनं नाही, २०२० ला टेक्सासच्या फोर्ट हूडमध्ये व्हॅनेसा गियेन नावाच्या सैनिक मुलीचा खून झाला, त्यानंतरच्या चौकशीत निघालं की तिथले सीआयडी एजंट बरेचसे नवखे होते, मग २०२१ मध्ये वर सिव्हिलियन डायरेक्टर बसवला.

मेव्हण्याचं चार्जशीटवालं म्हणणं खरं आहे, मी कधी नाकारलं नाही. एखाद्या जवानानं सिव्हिलियनचा खून केला तर आर्मी ॲक्टच्या कलम ७० प्रमाणे, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर वगैरे नसेल तर, केस सिव्हिल कोर्टाचीच, म्हणजे मेव्हण्याची. पण चार्जशीट म्हणजे तपास नव्हे. ह्याचे पंच दर पंचनाम्याला तेच दोघं, एक टपरीवाला आणि एक रिक्षावाला, मी स्वतः त्यांना चहा पाजलाय. आणि हा मला ट्रॅफिकवाला म्हणणार.

असो. तुम्हाला खरंच तपास करायचाय ना, मग एमपीएससीतून पीएसआय व्हा, नाहीतर एसएससी सीजीएलमधून सीबीआयचा सब इन्स्पेक्टर. वर्दी पण पाहिजे आणि कायदा पण, तर बीएस्सीनंतर एलएलबी करा, ५५ टक्के ठेवा आणि जॅग ब्रँचला, म्हणजे फौजेच्या कायदा शाखेला, ट्राय करा, कोर्ट मार्शलमध्ये कायदा सांगायला तेच असतात. सीएमपीच पाहिजे तर अग्निवीर, चार वर्षं, पुढं २५ टक्केच ठेवतात. तुम्ही मुलगी असाल (नावावरून कळलं नाही) तर तेही दार उघडं आहे, बंगळुरूच्या सीएमपी सेंटरमधून मे २०२१ मध्ये ८३ मुलींची पहिली बॅच बाहेर पडली.

आणि मी वर लिहिलं ते एका केसवरून. सगळे सीओ तसे नसतात, एका कर्नल साहेबांनी तर स्वतःच्या सुभेदार मेजरविरुद्धचा माझा रिपोर्ट जसाच्या तसा वर पाठवला होता, एक शब्द न बदलता. हे सगळं आर्मीचं, नेव्ही आणि एअरफोर्सचं पोलीस वेगळं, त्यांचे कायदे पण वेगळे.

सीएमपीचंच ठरलं तर बुलेट नीट चालवायला शिका. तपास मिळेल न मिळेल, ती मिळतेच. हे मेव्हण्याला सांगू नका.