एक्झोसोम तपासणीने बायोप्सी टळते का? आणि एक्झोसोमची इंजेक्शनं कॅन्सरवर चालतात का?

वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) 6 आलाय, बायोप्सीऐवजी लघवीतली एक्झोसोम तपासणी चालेल का, आणि एका क्लिनिकने सुचवलेली एक्झोसोमची इंजेक्शनं द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. इंजेक्शनांचं आधी सांगतो: कृपया देऊ नका.

एक्झोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात ते पापुद्र्यात गुंडाळलेले अतिसूक्ष्म कण. मी प्रयोगशाळेत याच कणांवर काम करतो आणि त्यांच्याकडून मला खूप आशा आहे, म्हणूनच हे कळकळीने सांगतोय. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेने कॅन्सरसाठी एकही एक्झोसोम उत्पादन मंजूर केलेलं नाही. उलट डिसेंबर 2019 मध्ये, नेब्रास्कात अशी विनामंजुरी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर, त्यांनी जाहीर इशारा दिला होता. शिवाय कॅन्सरच्या पेशीही एक्झोसोम सोडतात. त्यांच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन प्रथिनांवरून ते फुफ्फुसात रुजणार की यकृतात, हे ठरतं आणि तिथे ते गाठ पसरायला जमीन तयार करतात, असं न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं. त्यामुळे कुठल्या पेशींचे कण, त्यांत काय आहे, हे न सांगता कुणी सुई टोचत असेल तर मला त्याची भीतीच वाटते. खरे प्रयोग चालू आहेत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधल्या बिघडलेल्या केरास जनुकाला गप्प करणारा आरएनए (डीएनएसारखा रेणू) एक्झोसोममध्ये भरून ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रात रुग्णांवर चाचणी घेतली गेली. पण ती चाचणी आहे, उपचार नव्हे.

तपासणीची गोष्ट वेगळी, तिथे हाताशी काहीतरी आहे. हे कण 30 ते 150 नॅनोमीटरचे. 1983 मध्ये रक्ताच्या अपक्व लाल पेशींत ते दिसले तेव्हा पेशी नकोसं झालेलं बाहेर टाकते, एवढंच वाटलं होतं. 2007 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी त्यांत आरएनए असल्याचं दाखवलं आणि सगळं चित्र बदललं. एरवी पेशीबाहेर आरएनए पटकन नष्ट होतो. या कणांच्या पापुद्र्यात तो टिकतो. प्रोस्टेटचा स्राव मूत्रमार्गात उतरतो, म्हणून लघवीतून तो मिळतो. एक्झोडीएक्स प्रोस्टेट ही तपासणी ईआरजी, पीसीए3 आणि एसपीडीईएफ या तीन जनुकांचा आरएनए मोजते. ती 50 वर्षांवरच्या, पीएसए 2 ते 10 असलेल्या पुरुषांसाठी आहे. 2016 च्या अभ्यासात तिच्यामुळे सुमारे पाव बायोप्सी टाळता आल्या असत्या, पण घातक गाठ असलेले काही थोडे रुग्ण निसटलेही असते.

म्हणजे ती धोक्याचा अंदाज देते, निदान करत नाही. तपासणीचा स्कोअर जास्त आला तर बायोप्सी बहुतेक लागेलच. युरॉलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा: लघवीचा संसर्ग नाही ना हे पाहून पीएसए पुन्हा करायचा का, आणि बायोप्सीआधी प्रोस्टेटचा एमआरआय करता येईल का. एमआरआयची सोय बऱ्याच मोठ्या शहरांत आहे आणि वडिलांच्या बाबतीत मी तरी आधी तोच करून घेईन.