सेव्ह केलं होतं, मग गेलं कुठे?

प्रश्न : ताई, मी शिक्षिका आहे. परीक्षेची प्रश्नपत्रिका वर्डमध्ये केली होती आणि नोट्सच्या ॲपमध्ये एका नोटेला अटॅच करून ठेवली होती. परवा नोटेतूनच त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, वर्ड उघडलं, दोन तास बसून तीन प्रश्न बदलले, गुणांची विभागणी नव्याने केली. सारखी कंट्रोल-एस दाबत होते. रात्री सगळं बंद केलं. सकाळी नोटेतून फाइल उघडली तर जुनीच प्रश्नपत्रिका! माझं काय चुकलं? आणि ते दोन तासांचं काम परत मिळेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई आहे. मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण आता त्या नोटेतून ती फाइल पुन्हा उघडू नका. सकाळी एकदा उघडलीत, ते झालं. काही ॲप दर वेळी नोटेतली प्रत त्याच तात्पुरत्या जागी, त्याच नावाने उतरवतात. तुमची नवी प्रश्नपत्रिका तिथे पडलेली असेल तर जुनी तिच्या डोक्यावर येऊन बसते आणि मग खरंच हात टेकावे लागतात.

त्याऐवजी नुसतं वर्ड उघडा. फाइल मेनूत ओपन, त्यात रीसेंट. तिथे नावाखाली फाइलचा पत्ताही दिसतो. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या आणि पत्ते वेगळे असले तर दोन्ही उघडून बघा. काही सापडलं नाही तर विंडोजमध्ये, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टेम्प हा शब्द रोमन लिपीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा. भंगाराच्या खोलीसारखं फोल्डर उघडेल. घाबरू नका. वर उजवीकडच्या शोधचौकटीत प्रश्नपत्रिकेच्या नावातला एखादा शब्द टाका आणि तारखेनुसार लावा. परवा रात्रीच्या वेळेची फाइल दिसली की ती आधी तुमच्या नेहमीच्या फोल्डरात कॉपी करा. उघडून खात्री करायची ती त्या कॉपीवर. आणि हे होईपर्यंत संगणक 'साफ' करणारा कुठलाही प्रोग्राम चालवू नका. का ते पुढे सांगते, त्यात माझीच कहाणी आहे.

आता काय चुकलं ते. कंट्रोल-एसने आपलं काम चोख केलं. फाइल सेव्ह झाली, पण नोटेत झाली नाही. नोटेत आपल्याला जे चिन्ह दिसतं, त्यामागची फाइल ॲपच्या स्वतःच्या कोठारात असते. वर्डने त्या कोठारात परस्पर हात घालू नये म्हणून बरीचशी ॲप तिची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरात उतरवतात आणि ती वर्डला देतात. तुम्ही दोन तास काम केलंत ते या उतरवलेल्या प्रतीवर. ती प्रत बदलली की ॲपने ते ओळखायचं आणि बदललेली फाइल उचलून परत कोठारात ठेवायची, असा सगळा मामला असतो. म्हणजे ॲप पाळतीवर असतं, आणि पाळतीवरचा माणूस डुलकी घेऊ शकतो.

डुलकी कधी लागते? जॉप्लिन नावाचं मोफत ॲप याबाबतीत प्रामाणिक आहे. संगणकावर त्यात अटॅचमेंट उघडली की एक पट्टी येते. या अटॅचमेंटमधल्या बदलांवर लक्ष ठेवलं जातंय, असं ती सांगते. आणि तिच्यावरच पुढे लिहिलेलं असतं की दुसऱ्या नोटेवर गेलात की हे लक्ष ठेवणं थांबेल. बाकीची ॲप असं बोलून दाखवतीलच असं नाही. आता आठवून बघा, त्या दोन तासांत पोर्शनची यादी बघायला म्हणून तुम्ही दुसरी एखादी नोट उघडली होती का? किंवा वर्ड चालू ठेवून नोट्सचं ॲपच बंद केलं होतं का? बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

आणखी एक कारण आहे, थोडं आतलं. वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलवर गिरवत बसत नाही. शेजारी दुसऱ्या नावाने पूर्ण नवी फाइल लिहितं, जुनी बाजूला सारतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. मध्येच वीज गेली तरी निदान एक प्रत शाबूत राहावी म्हणून ही सोय. पण पाळत ठेवणाऱ्या ॲपला काय दिसतं? आपण ज्या फाइलवर डोळा ठेवून होतो ती क्षणभर नाहीशी झाली आणि तिच्या जागी नाव तेच, पण फाइल दुसरी. नीट लिहिलेलं ॲप हे समजून घेतं. हलगर्जीपणे लिहिलेलं गोंधळतं आणि गप्प बसतं.

माझी कहाणी सांगते म्हटलं होतं. मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. एका तांत्रिक पुस्तकाचं काम चालू होतं आणि पारिभाषिक शब्दांची यादी एक्सेलमध्ये होती. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी, उजवीकडे माझा आवडता रकाना, त्याचं नाव 'हा शब्द नको, कारण'. यादी नोटेला अटॅच केलेली. एका संध्याकाळी तिच्यात ४७ शब्दांची भर घातली. नंतर नोट उघडते तर एकही नाही. मी काय करावं? संगणक मंद झालाय, त्यामुळे असं होतंय, असं स्वतःच ठरवून तात्पुरत्या फायली पुसणारा प्रोग्राम चालवला. माझे ४७ शब्द त्या केरात गेले. मराठी शब्द पुस्तकाच्या मसुद्यातून पुन्हा वेचता आले, पण 'कारण' रकान्यातलं काही म्हणजे काही आठवेना. एखादा शब्द आपण नाकारला होता एवढं लक्षात राहतं, का नाकारला ते राहत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांतले दोन नाकारलेले शब्द मीच पुन्हा वापरले. ते संपादकांनी पकडले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. नोटेतून फाइल उघडली की काम सुरू करण्याआधी पहिल्या ओळीत आत्ताची तारीख आणि वेळ टाइप करते. सेव्ह करते, फाइल बंद करते, नोटेतून पुन्हा उघडते. तारीख दिसली तर पुढे. नाही दिसली तर गेली ती फक्त एक तारीख. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ॲपची नवी आवृत्ती आली की मुद्दाम करते, कारण काल चालत होतं ते आज चालेलच असं नाही.

बंद करण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी वर्ड किंवा एक्सेल. मग नोटेत जाऊन अटॅचमेंटची वेळ किंवा आकार बदलला का ते बघणं. मग सिंक, म्हणजे ॲपने सगळ्या उपकरणांवरच्या प्रती जुळवणं, पूर्ण होऊ देणं. ॲप सगळ्यात शेवटी. मधल्या काळात ती नोट सोडायची नाही. दुसरं काही बघायचं असेल तर वेगळ्या खिडकीत, तशी सोय असेल तर, नाहीतर फोनवर.

एक वेगळा धोका सेव्ह ॲजचा. काम करताना 'प्रश्नपत्रिका अंतिम' असं नवं नाव दिलंत की ती फाइल नोटेशी नातं तोडून निघून गेली. ॲप जुन्या नावावर डोळा ठेवून बसतं आणि तुम्ही नवीवर लिहीत राहता. वर्डच्या वरच्या पट्टीतल्या ऑटोसेव्हवरही विसंबू नका. ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या फायलींसाठी असतं, नोटेतून उतरवलेल्या तात्पुरत्या प्रतीला त्याचा उपयोग नाही.

खरं विचाराल तर रोज हात लागणारी फाइल मी आता अटॅच करतच नाही. ती साध्या फोल्डरात, बॅकअपमध्ये येणाऱ्या जागी ठेवते आणि नोटेत तिची लिंक देते. काम संपलं, फाइल थंड झाली, की मग अटॅच करते. तुमची प्रश्नपत्रिका छापायला गेली की खुशाल नोटेला चिकटवा.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थी आहे. प्रकरणाचा मसुदा नोटेला जोडलेला आहे. फोनवर दोन परिच्छेद सुधारले, घरी संगणकावर दुसरेच तीन सुधारले. आता नोटेत एकाच नावाच्या दोन फायली आहेत. नोटेतला मजकूर दोन्हीकडून बदलला तर ॲप तो जुळवून घेतं, मग फायली का नाही जुळवत?

उत्तर : नोटेतला मजकूर ॲपला वाचता येतो, म्हणून तो जुळवायचा निदान प्रयत्न तरी ते करू शकतं. वर्डची फाइल त्याच्या लेखी बंद डबा आहे. हे मी उगाच म्हणत नाही. वर्ड फाइलची एक कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर आहे, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, आणि तुमचं प्रकरण त्या फाइलमध्ये खुणांच्या गर्दीत पसरलेलं. एक स्वल्पविराम बदलला तरी डबा नव्याने बांधला जातो. दोन वेगळे डबे आले की ॲपसमोर दोनच मार्ग उरतात, एक टाकून देणं किंवा दोन्ही ठेवणं. तुमच्या ॲपने दोन्ही ठेवले, त्याचे आभार माना.

जुळवायचं काम वर्डकडूनच करून घ्या. दोन्ही फायली नोटेबाहेर, वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करा. वर्डच्या रिव्ह्यू टॅबमध्ये कंपेअर आहे. त्याला दोन्ही फायली दाखवल्यात की फरक रंगवून तिसरी फाइल मिळते. एकेक बदल स्वीकारा किंवा नाकारा. पाचच परिच्छेद आहेत, चहा गार व्हायच्या आत होईल.

आणि फोनचं म्हणाल तर फोनवर हा घोळ अधिक. तिथे 'शेअर' करून अटॅचमेंट दुसऱ्या ॲपमध्ये उघडली की बहुतेक वेळा त्या दुसऱ्या ॲपला स्वतःची प्रत मिळते. तुम्ही सुधारता ती प्रत, आणि नोटेला त्याचा पत्ता नसतो. ती हाताने परत जोडावी लागते. मी फोनवर फक्त वाचते. सुधारणा सुचली तर नोटेत अटॅचमेंटच्या खालीच 'पान ६, दुसरा परिच्छेद, तारीख तपासा' असं लिहून ठेवते आणि संगणकावर बसल्यावर करते.

प्रश्न : मी ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप वापरतो. मलाही ही सगळी कसरत करावी लागेल का?

उत्तर : नाही. ऑब्सिडियन ज्याला तिजोरी (व्हॉल्ट) म्हणतं ते म्हणजे तुमच्या संगणकावरचं साधं फोल्डर, आणि अटॅचमेंट म्हणजे त्यातली साधी फाइल. उघडलीत की मूळ फाइलच उघडते, सेव्ह केलंत की तिथेच होतं. पण याची दुसरी बाजू बघा : मधे प्रत नाही म्हणजे खराब झाली तर मूळच खराब झाली. बॅकअप तुम्हालाच ठेवायचा आहे. शिवाय तेच फोल्डर दोन वेगवेगळ्या सेवांकडून सिंक करू नका, दोघी एकमेकींच्या फायली ओढत बसतात.

वननोट हे मायक्रोसॉफ्टचं नोट्सचं ॲप वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा. तिथे फाइल अटॅच केली की पानावर तिची प्रत येते आणि मूळ फाइलशी तिचा संबंध संपतो. मूळ सुधारलीत तर पानावरची जुनीच राहते, आणि उलटही तसंच.

प्रश्न : कामाच्या नोटेत एक पीडीएफ करार आहे. सहकाऱ्याला पाठवण्याआधी ॲपमधल्याच पेनने त्यातला खाते क्रमांक काळ्या चौकोनाने झाकला. पुरेसं आहे ना?

उत्तर : पाठवला नसेल तर थांबा. त्या चौकोनाखाली क्रमांक बहुधा जिवंत आहे. चौकोन हा मजकुरावर ठेवलेला कागद असतो, त्याने खालची अक्षरं खोडली जात नाहीत. तपासायला चौकोनाच्या अलीकडपासून पलीकडपर्यंत मजकूर निवडा, कॉपी करा, कोऱ्या नोटेत पेस्ट करा. क्रमांक उमटला तर तो झाकलाच गेला नाही असं समजा. उमटला नाही तरी निश्चिंत होऊ नका. पीडीएफमध्ये बदल फाइलच्या शेवटी जोडून सेव्ह करायची सोय आहे आणि तसं झालं असेल तर आधीचं रूप त्याच फाइलच्या पोटात राहतं.

यासाठी 'रिडॅक्ट' नावाची, म्हणजे मजकूर खरोखर काढून टाकणारी सोय असलेला प्रोग्राम हवा. ॲडोबीच्या ॲक्रोबॅट या पीडीएफ प्रोग्रामच्या सशुल्क 'प्रो' आवृत्तीत ती आहे. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून ती मिळते, आणि तिथे पानाचं चित्र करून नवी पीडीएफ बनते, म्हणजे खाली अक्षरं उरतच नाहीत. हे काम नोटेबाहेर काढलेल्या प्रतीवर करा आणि पाठवा ती नवी फाइल. नोट जशीच्या तशी शेअर करू नका, कारण मूळ करार तिच्यात अजून चिकटलेला आहे. तो काढून टाकलात तरी तुमच्या ॲपमध्ये नोटेच्या जुन्या आवृत्त्या साठत असतील तर तिथेही एकदा डोकावून या.