क्लच वायरचा मार्ग बदलल्यावर गिअर पडत नाही. प्लेटा बदलू का?

नाही. स्प्लेंडरला उंच हँडल लावलं, वायर टाकीखालून दुसऱ्या वाटेने नेली आणि तेव्हापासून क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते, असं तुम्हीच लिहिलंय. मग एका दिवसात प्लेटा कशा जातील? क्लचची तक्रार आली की प्लेटा टाका, या सल्ल्याची मला चीड आहे. कव्हर उघडायचं, ऑइल काढायचं, नवं गॅस्केट घालायचं आणि दोष भलतीकडेच.

वायर सोडा आणि इंजिनवरचा आर्म (वायर ज्याला ओढते तो दांडा) पान्याने ढकला. थोडा मोकळा फिरून मग जड स्प्रिंग लागली, तर दोष बहुधा वायरीतच.

वायर लांबून गेली म्हणून सैल पडली, असं अनेक मेकॅनिक छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. इनर (आतली तार) आणि आऊटर (तिच्यावरचं आवरण) एकाच वाटेने जातात. दोघींची लांबी तीच, तर प्लेही (लिव्हरची मोकळी हालचाल) तीच. बिघडतं ते आऊटरच्या टोकाला. वायर ताणली गेली की आऊटरची टोपी खाचेत न बसता कडेवर टेकते. तशीच प्ले लावली, तर पुढच्या दाबाला टोपी आत सरकते आणि लिव्हर निम्मी रिकामी जाते. दुसरं कारण तीव्र वळण. तिथे इनर घासते, आऊटर दबते, लिव्हर जड लागते आणि आर्म पुरता फिरत नाही. कोणाला तरी लिव्हर दाबायला सांगून दोन्ही टोकं आणि इंजिनवरचं ब्रॅकेट बघा. हलायला हवी फक्त इनर.

वाट मोकळी केली की लिव्हरजवळचा वरचा अ‍ॅडजस्टर (प्ले कमी-जास्त करायचा स्क्रू) जवळजवळ पूर्ण आत घ्या, इंजिनजवळच्या खालच्याने लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी प्ले ठेवा, तो जागेवर धरणारा चेकनट आवळा. मग हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे करून प्ले मोजा. फरक पडला तर वायर अजून ताणतेय. जुनी वायर उंच हँडलला पुरतच नसेल, तर लांब वायर घ्या. प्ले शून्य करून गिअर पडायला लागला म्हणून तसं चालवू नका. क्लच घसरेल आणि तेव्हा मात्र प्लेटा खरंच जळतील.

आऊटर एकदा मुडपली असेल तर ती सरळ करून उपयोग नाही, बदलाच. आणि या कामात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली असेल, तर प्लेटा एकमेकींना चिकटल्याही असू शकतात. इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला.