ब्लॅकबर्नचा विणकर शोधताना

प्रिय मित्रा,

पूर्वज इंग्लंडमधल्या लँकेशायर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) ब्लॅकबर्नच्या कापडगिरणीत विणकर होता एवढ्या भांडवलावर तू थेट १८४१ ची जनगणना उघडलीस. ती आधी मिट. तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, घरातली नाती नाहीत आणि जन्मगावाऐवजी फक्त ‘याच काउंटीत जन्मला का’ एवढंच आहे. नातं आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) १८५१ पासून मिळतो. ज्याच्याबद्दल खात्री आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे सरक.

आधी विवाहाचा दाखला मागव. जन्म, विवाह, मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. दाखल्यात वधू-वरांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. मात्र ती तोंडी सांगितलेली माहिती. अनौरस मुलगा कधीकधी बापाचं नाव बेलाशक रचून सांगे. साक्षीदारांची नावंही उतरवून ठेव, त्यांत पुष्कळदा बहीण किंवा मेहुणा सापडतो.

मग जन्म. ही नोंदणी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलंय. जुन्या तिमाही सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. एकाच नावाची चार मुलं निघाली, तर प्रत्येकाचा मृत्यू पुढच्या दहा वर्षांत नोंदलाय का ते पाहा. पाळण्यातच दगावलेलं मूल वंशावळीत पणजोबा होऊन बसतं, आणि ही चूक फार सर्रास होते. जन्म सापडलाच नाही तर घाबरू नकोस: नोंद करण्याची जबाबदारी दंडासकट आईबापांवर आली ती १८७५ पासून. त्याआधीच्यासाठी बाप्तिस्म्याची वही बघ. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात बापाचा धंदाही असतो.

जनगणनेत माणूस गायब असेल, तर दोष बहुधा स्पेलिंगचा. घरच्याला लिहिता येत नसे, गणक कानावर पडेल तसं लिही. लँकेशायरी उच्चारात सुरुवातीचा ‘ह’ गळतो, म्हणून हारग्रीव्ह्जचा आरग्रीव्ह्ज होतो. आडनाव रिकामं ठेव. पहिलं नाव, वय तीन वर्षं मागेपुढे आणि जन्मगाव टाक. भावंडांत एखादं विरळ नाव असेल तर त्याच्यावरून शोध. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकन यादवीमुळे कापूस येईना आणि गिरण्या बंद पडल्या (वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला तो तेव्हाच). कामासाठी कुटुंबं पांगली, त्यामुळे १८७१ मध्ये शोधाचं वर्तुळ शेजारच्या यॉर्कशायरपर्यंत वाढव.

मृत्युपत्र मिळेल अशी फार आशा धरू नकोस. गरिबाबद्दल सविस्तर कागद तयार होई तो कुणावर तरी त्याचा खर्च पडणार असे तेव्हा. गरिबाच्या मदतीचा खर्च त्याच्या मूळ पॅरिशवर पडे, म्हणून मदत मागणारा मूळ कुठल्या पॅरिशचा हे ठरवायला त्याची जबानी घेत. जन्म कुठे, धंदा शिकण्याची उमेदवारी कुणाकडे, वर्षभराची चाकरी कुठे, हे सगळं तिच्यात असतं. १८३४ पूर्वीची ही कागदपत्रं बहुधा पॅरिशच्या दप्तरात, नंतरची ‘पुअर लॉ युनियन’च्या, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी अनेक पॅरिश मिळून केलेल्या संघाच्या. प्रेस्टनच्या लँकेशायर आर्काइव्हजची सूची दोन्ही नावांनी चाळ. प्रत्येक नोंदीचा संदर्भ क्रमांक तिथल्या तिथे लिहून घे, नाहीतर तीच पेटी पुन्हा मागवावी लागेल.

तुझा,
एक स्नेही