अमेरिकेत राज्याच्या ॲटर्नी जनरलने (राज्य सरकारच्या मुख्य वकिलाने) ग्राहक फसवणुकीच्या चौकशीत कागदपत्रं मागितली आणि कंपनीने दिलीच नाहीत, तर अटक होते का?

लगेच अटक वगैरे होत नाही. मागणीच्या नोटिशीवर सही ॲटर्नी जनरलच्या ऑफिसची असते, न्यायाधीशाची नव्हे.

मी बॉस्टनमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं चाळायचं काम करते, म्हणून मॅसॅच्युसेट्सपुरतंच सांगते. इथे सबपीनाऐवजी (म्हणजे कागदपत्रं हजर करायच्या हुकमाऐवजी) ‘सिव्हिल इन्व्हेस्टिगेटिव्ह डिमांड’ ही चौकशीसाठी कागद मागणारी नोटीस येते, बोलताना नुसतं सीआयडी. (‘आज ऑफिसात सीआयडी आली’ म्हटल्यावर फोनवर आई केवढ्याने दचकली होती!)

मागणी जाचक वाटली तर सुपीरियर कोर्टात अर्ज करायचा. त्याला २१ दिवस मिळतात. कागद द्यायची तारीख त्याआधीची असेल तर त्या तारखेपर्यंतच. मागणी का नको, हे तुम्ही पटवून द्यायचं. काहीच केलं नाहीत, तर ॲटर्नी जनरल कोर्टाकडून हुकूम आणतात आणि तो मोडला की कोर्टाचा अवमान. टाळाटाळ करायला कागद दडवले किंवा फाडले तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे. बड्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. ती घाबरते अवमानाला.

एक्झॉनमोबिल या तेल कंपनीचंच बघा. हवामानबदलाबद्दल ग्राहकांना आणि गुंतवणूकदारांना अंधारात ठेवलं का, हे तपासायला ॲटर्नी जनरल मॉरा हीली यांनी एप्रिल २०१६ मध्ये सीआयडी धाडली. कंपनी बॉस्टनच्या कोर्टात गेली, शिवाय टेक्सासमध्ये उलट दावाही ठोकला. ‘आमच्यावर तुमची हद्दच चालत नाही’ हा तिचा एक मुद्दा. पण राज्यात एक्झॉन आणि मोबिलच्या पाट्या लावलेले ३०० हून जास्त पंप, आणि त्यांच्या जाहिरातींवर कंपनीचा ताबा! एप्रिल २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं, जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही प्रकरणाला हात लावला नाही. म्हणजे पावणेतीन वर्षं गेली, पण सुटका झाली नाहीच.

न्यूयॉर्कनेही याच कंपनीला सबपीना दिला होता. तिथे २०१७ मध्ये कळलं, की कंपनीचे प्रमुख असताना रेक्स टिलरसन ‘वेन ट्रॅकर’ या नावानेही मेल करत (वेन हे त्यांचं मधलं नाव). त्या खात्यातल्या काही मेल आपोआप पुसल्या गेल्या होत्या.

म्हणून आमचे साहेब नोटीस हातात पडली की आधी अशिलाच्या आयटीवाल्याला फोन लावतात: जुन्या मेल आपोआप डिलीट होतात ना, ते आत्ताच्या आत्ता बंद कर.